सुचण्याआधी मेंदू डोळे मिटतो

कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं: 'मी नाही लिहिलं, माझ्याकडून ते लिहून घेतलं गेलं.' अनुभव म्हणून ते खरंच आहे. कथा आठ-आठ दिवस एका जागी अडून बसते. थोरल्या बहिणीने ते पत्र शेवटपर्यंत फोडलंच का नाही, हे काही केल्या सुटत नाही. मग भलत्याच वेळी, आंघोळ करताना, लख्खकन उमगतं: ते पत्र तिनेच लिहिलंय! इतकं अवचित आलेलं उत्तर आपलं वाटत नाही, म्हणून ते दैवी देणगीच्या खात्यावर टाकलं जातं. मला हे पटत नाही. ते काम लिहिणाऱ्याच्याच मेंदूने केलेलं असतं, आणि त्याच्या खुणा आता यंत्रावर टिपता येतात.

डोक्याला तारा लावून कुणी कादंबरी लिहायला बसणार नाही, म्हणून संशोधक शब्दकोडी वापरतात. एक करून पाहा: यंत्र, पोट, भांडण. तिन्हींशी जुळेल असा एकच शब्द हवा. थोडं थांबा. यंत्राची दाबतात, पोटात येते, भांडणाची काढतात... कळ! कुणी एकेक शब्द लावून पाहत उत्तरापर्यंत पोचतं, तर कुणाला ते एकदम दिसतं. उत्तर तेच, वाट वेगळी. मार्क जुंग-बीमन, जॉन कुनियॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली नेमका हाच फरक मोजला. अशी कोडी सोडवणाऱ्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी त्यांनी ईईजीने नोंदवल्या आणि प्रत्येक उत्तरानंतर विचारलं, 'हे पायरीपायरीने आलं की अचानक?'

अचानक आलेल्या उत्तरांच्या वेळी, उत्तर सुचल्याचं बटण दाबण्याच्या सुमारे 0.3 सेकंद आधी, मेंदूच्या उजव्या कानावर येणाऱ्या भागात सेकंदाला 40 च्या आसपास आवर्तनं असलेल्या गॅमा लहरींची उसळी दिसली. एमआरआयच्या वेगळ्या चाचणीनेही त्याच जागेकडे, उजव्या शंखखंडाच्या (कानशिलाआडच्या मेंदूच्या) पुढच्या भागाकडे, बोट दाखवलं.

पण मला खरं वेड लावलं ते त्याच्याही आधीच्या क्षणाने. गॅमा उसळण्यापूर्वी, साधारण सेकंदभर आधी, डोक्याच्या मागच्या बाजूला उजवीकडे अल्फा लहरी वाढतात. सेकंदाला सुमारे 10 आवर्तनांच्या या संथ लहरींची नोंद हान्स बर्गर यांनी 1929 साली प्रसिद्ध केली होती. माणसाने डोळे मिटले की त्या ठळक होतात, हे तेव्हापासून माहीत आहे. मेंदूचा मागचा भाग दृष्टीचा. डोळ्यांकडून निघालेले संकेत थॅलॅमस या मेंदूच्या मधोमध असलेल्या भागामार्गे तिथे पोचतात. अल्फाचा जोर वाढला की तिथल्या पेशी एका ठेक्यात दबतात आणि येणाऱ्या संकेतांना वाव कमी मिळतो. म्हणजे कोडं सोडवणाऱ्याचे डोळे उघडे, नजर पडद्यावर, आणि तरी मेंदू आतून क्षणभर डोळे मिटतो!

हे कशासाठी? जुंग-बीमन यांची मांडणी अशी: शब्द कानावर पडला की मेंदूचा डावा गोलार्ध, म्हणजे डावा अर्धा भाग, त्याचे जवळचे, ठाम अर्थ जोरात जागे करतो. उजवा गोलार्ध त्याच वेळी दूरदूरचे अर्थ जागवतो, पण अगदी क्षीणपणे. यातला एकेकटा अर्थ जाणिवेत यायला पुरेसा नसतो. मात्र तीन-चार शब्दांचे क्षीण अर्थ एकाच बिंदूवर पडले, तर त्यांची बेरीज उंबरठा ओलांडते. कथेतही असंच घडत असावं. तिसऱ्या पानावर बहिणीच्या बोटाला शाई लागलेली असते, पुढे कुठेतरी ती पोस्टमनची वाट पाहायचं अचानक सोडून देते. लिहिताना या गोष्टी सहज आलेल्या असतात. त्यांचे धागे हळूहळू एकमेकांत गुंततात, आणि बाहेरचा गलबला क्षणभर कमी झाला की ती मंद बेरीज वर येते.

इथेच एक इशारा द्यायला हवा. या संशोधनाच्या नावावर 'उजवा मेंदू जागवणारे' वर्ग आणि 'अल्फा संगीत' विकलं जातं. त्याला काही आधार नाही. कथा लिहायला दोन्ही गोलार्ध लागतात. अल्फा तर नुसते डोळे मिटले तरी वाढतात, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे? आणि मुळात कच्चा माल आत नसेल, तर बेरीज कशाची होणार?

लख्ख सुचलेलं खरंच असतं, असंही नाही. रुबेन लौकोनेन आणि सहकाऱ्यांनी 2020 साली दाखवलेली गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी विधानातला एक शब्द अक्षरं उलटसुलट करून दिला. तो उलगडताना ज्यांना 'अरेच्चा!' वाटलं, त्यांना ते विधानच जास्त खरं वाटू लागलं. खात्रीची भावना शेजारच्या गोष्टीलाही चिकटते, ती अशी.

शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये व्यावसायिक लेखक आणि भौतिकशास्त्रज्ञांकडून दिवसातल्या सर्वांत चांगल्या कल्पनेची रोज नोंद घेतली. पाचातली सुमारे एक कल्पना हात दुसऱ्या कामात आणि मन तिसरीकडे असताना आली होती. बाकीच्या काम करताना किंवा त्याच विषयाचा विचार करताना. भटकत्या मनाला आलेल्या कल्पनांनी अडलेली गाठ सोडवल्याचं आणि त्या लख्खकन आल्याचं जास्त वेळा सांगितलं गेलं. पण कल्पकता आणि महत्त्व यांचे गुण त्याच मंडळींनी दिले, तेव्हा या कल्पना आणि टेबलाशी बसून आलेल्या कल्पना यांच्यात फरक निघाला नाही.