टर्बोविरहित रोटरी इंजिनात नायट्रस ऑक्साइड

टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नसलेल्या रोटरी, म्हणजेच पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या वांकेल इंजिनाला काही सेकंदांपुरती जादा ताकद मिळावी म्हणून त्याच्या इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या मार्गात) नायट्रस ऑक्साइड आणि त्याच्या जोडीला जादा पेट्रोल सोडण्याची पद्धत. ती प्रामुख्याने माझदाच्या आरएक्स-7 आणि आरएक्स-8 या गाड्यांवर वापरली जाते.

नायट्रसला अनेकजण इंधन समजतात. प्रत्यक्षात तो स्वतः जळत नाही. ज्वलनकक्षातल्या उष्णतेने त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने सुमारे 23 टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये 36 टक्के. त्यामुळे 1 किलो पेट्रोल पुरतं जाळायला हवा लागते 14.7 किलो, नायट्रस मात्र 9.6 किलोच्या आसपास पुरतो. शिवाय बाटलीतला द्रव नॉझलमधून सुटताच उणे 88 अंशांवर उकळतो आणि आत जाणारी हवा गार करतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी विरळ हवेतल्या उंचीवर हेच तत्त्व 'जीएम-1' या नावाने वापरलं होतं.

रोटरीला याची गरज का भासते, हे आरएक्स-8 चालवल्यावर लगेच कळतं. 2003 साली आलेल्या या गाडीचं 'रेनेसिस' इंजिन दोन रोटरचं, प्रत्येकी 654 सीसीचं. जपानी टाइप एस आवृत्तीत ते 8500 आरपीएमला 250 पीएस देतं, पण टॉर्क जेमतेम 216 न्यूटन-मीटर, तोही 5500 आरपीएमला. इंजिन गोड फिरतं, पण खालून ओढत नाही. टर्बो बसवायचा तर मॅनिफोल्ड, इंटरकूलर, ईसीयू (इंजिनाचा संगणक) सगळंच बदलावं लागतं आणि 10:1 चं कॉम्प्रेशन त्यात आडवं येतं. नायट्रसचं किट त्या मानाने स्वस्त आणि काढून ठेवता येणारं. रोटरीत कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्हही नाहीत. त्यामुळे पिस्टन इंजिनातले नेहमीचे कच्चे दुवे इथे नसतात.

इथला कच्चा दुवा म्हणजे एपेक्स सील. त्रिकोणी रोटरच्या प्रत्येक टोकावर खाचेत बसवलेली ही धातूची पट्टी. रेनेसिसमध्ये तिची जाडी अवघी 2 मिलिमीटर. मागची स्प्रिंग आणि वायूचा दाब तिला हाउसिंगवर (रोटरभोवतीच्या कवचावर) दाबून धरतात. मिश्रण लीन झालं (त्यात पेट्रोल कमी पडलं) किंवा स्पार्क वेळेआधी पडला, तर डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट, होतं आणि त्या हादऱ्याने सीलचा कोपरा तुटतो. तुकडा हाउसिंगच्या क्रोमवर ओरखडे काढतो. रोटरच्या तीन बाजूंना तीन कप्पे असतात. एक सील दोन कप्प्यांच्या मधली भिंत असल्याने ते गेलं की दोन्ही कप्प्यांचं कॉम्प्रेशन जातं. पुढचं काम म्हणजे इंजिन खोलणं. म्हणून माझ्या मते, चांगल्या स्थितीतल्या स्टॉक (बदल न केलेल्या) इंजिनावर 50 ते 75 अश्वशक्तीच्या जेटवरच (नायट्रसचं प्रमाण ठरवणाऱ्या छिद्रावरच) थांबावं.

आरपीएमची खिडकी, म्हणजे किती आरपीएमपासून कितीपर्यंत नायट्रस सोडायचा, हा दुसरा कळीचा मुद्दा. जेटमधून वायू ठरावीक वेगाने येत राहतो. इंजिन हळू फिरतंय की जोरात, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणजे 3000 आरपीएमला रोटरच्या प्रत्येक भरणीत 9000 च्या तिप्पट नायट्रस जातो, आणि इनटेकमध्ये बॅकफायर किंवा डेटोनेशन ओढवतं. वरच्या टोकाला वेगळाच धोका आहे. रोटरी इतकी अलगद वर चढते की लिमिटर (कमाल आरपीएमवर इंजिनाला रोखणारी यंत्रणा) कधी आला ते कळत नाही. लिमिटरने इंजेक्टर बंद केले आणि नायट्रस चालूच राहिला, तर मिश्रण क्षणात लीन होतं. विंडो स्विच खालची आणि वरची अशा दोन्ही हद्दी सांभाळतो, थ्रॉटल पूर्ण उघडल्याशिवाय सोलेनॉइड (नायट्रसची विजेवर चालणारी झडप) उघडू न देणारा स्विच वेगळा. हे दोन्ही नसतील तर किट बसवूच नये.

वेट किटमध्ये पेट्रोल नायट्रससोबत नॉझलमधूनच येतं. ड्राय किटमध्ये ते गाडीच्या इंजेक्टरांनी पुरवायचं. मिश्रण मुद्दाम रिच (पेट्रोल जास्त असलेलं) ठेवतात. प्रत्येक रोटरला लीडिंग आणि ट्रेलिंग असे दोन स्पार्क प्लग असल्याने टायमिंग मागे घेताना (स्पार्क थोडा उशिरा पाडताना) दोघांचाही विचार करावा लागतो. बरेच जण थंड श्रेणीचे (उष्णता लवकर बाहेर सोडणारे) प्लग घालतात. जादा पेट्रोलने हाउसिंगवरचा तेलाचा थर धुतला जातो, म्हणून टाकीत टू-स्ट्रोक तेल मिसळण्याची प्रथा आहे.

बाटली साधारण 4.5 किलोची. 75 च्या जेटवर ती फार तर दोनेक मिनिटं पुरते. 36.4 अंश सेल्सिअसच्या वर नायट्रस द्रवरूपात राहूच शकत नाही, आणि बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी ही मर्यादा सहज ओलांडते. भारतात दाबाखालच्या वायूंच्या सिलिंडरांचे नियम पाहणाऱ्या 'पेसो' संस्थेचं मुख्यालय नागपुरातच आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, त्यामुळे इथल्या सार्वजनिक रस्त्यावर असं किट चालवणं कायद्यात बसत नाही.

किट घेण्याआधी कॉम्प्रेशन तपासणं अत्यावश्यक आहे. साधा पिस्टनचा गेज इथे फसवतो, कारण तो तीन कप्प्यांतला सर्वांत मोठा आकडाच धरून ठेवतो. रोटरीचा खास टेस्टर प्रत्येक रोटरचे तीन आकडे वेगवेगळे दाखवतो. रेनेसिससाठी 250 आरपीएमला 830 किलोपास्कल चांगले, 680 ही किमान मर्यादा, आणि एकाच रोटरच्या तीन आकड्यांत 150 पेक्षा जास्त तफावत चालत नाही.