सडलेलं आणि कुजलेलं

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की शेणखताच्या ट्रॉल्या शेताकडे निघतात. कुणालाही विचारा, "वर्षभराचं कुजलेलं आहे" हेच उत्तर. बहुतेक वेळा ते कुजलेलं नसतं, सडलेलं असतं.

उकिरडा सगळ्यांना माहीत आहे. त्यात चुलीची राख टाकतात, ती मात्र टाकू नका. राखेने शेणातलं नत्र अमोनिया होऊन उडतं.

खरी गफलत पुढे आहे. खत किती दिवस पडून होतं याला महत्त्व नाही, त्याला हवा मिळाली का याला आहे. ओलं शेण स्वतःच्याच वजनाने दबतं, आतली हवा संपते आणि हवेवाचून जगणारे जिवाणू त्याचा मिथेन करतात. शंभर वर्षांच्या हिशोबाने हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. जनावराच्या ढेकरेतून मिथेन याहून जास्त जातो हे खरं, पण ढेकर थांबवणं अवघड आहे, उकिरडा सुधारणं नाही. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या खड्ड्यात फावडं घातलं. वर वीतभर काळं, भुसभुशीत. खाली हिरवट चिकट लगदा, नाकात जाणारा वास आणि दादर ज्वारीच्या कडब्याचे तुकडे जसेच्या तसे. वर्ष उलटलं होतं, कुजलं काहीच नव्हतं. असं खत शेतात गेलं की मागोमाग हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

कुजायला हवा लागते आणि हवेला ढिगात पोकळी लागते. ती पोकळी देणारी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आपण बांधावर पेटवून देतो, याचा मला मनापासून राग येतो. आपल्या शेजारच्या इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ खत कुजवण्याचं हेच काम करत होते. कडक पऱ्हाटी ते रस्त्यावर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. आज चुरा करणारं यंत्र, श्रेडर, आहे. चुरा आणि शेणाचे थर जमिनीच्या वर रचा, पाणी शिंपडा, साधारण पंधराव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी ढीग पालटा. तीन महिन्यांत खत तयार होतं. ढीग आतून ६० अंशांपर्यंत तापतो, त्यात तणांचं बी मरतं आणि पऱ्हाटीच्या बोंडांत दडलेली गुलाबी बोंडअळीही.

गोबरगॅसमध्येही शेण हवेवाचूनच सडतं, फक्त मिथेन चुलीत जळतो. २५ किलो शेणाचा साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. दोन-चार जनावरं असतील तर मी आधी तोच बांधा म्हणेन, पण गॅस साठवणाऱ्या घुमटाला चीर गेली तर लगेच बुजवा, नाहीतर तोही उकिरडाच. गॅस निघाल्यावर उरलेला शेणकाला, म्हणजे स्लरी, उन्हात वाळवू नका, नत्र उडतं. ती पऱ्हाटीच्या ढिगावर ओता.

ओलावा हातानेच कळतो. ढिगातलं मूठभर दाबा. बोटांतून पाणी ठिबकलं तर पऱ्हाटी वाढवा, मूठ उघडताच गोळा विस्कटला तर पाणी मारा.