मीड उरकलं की अडलं?

एअरलॉकमधले, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण बाहेरची हवा आत न येऊ देणाऱ्या बुचातले, बुडबुडे थांबले की घरी मीड, म्हणजे मध आंबवून केलेली दारू, करणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं. मध-पाण्याची बरणी आठ-पंधरा दिवस गुबुक-गुबुक करत असते आणि एका सकाळी गप्प होते. यीस्टने साखर फस्त केली, आता बाटल्या भरायच्या, असा सरळ हिशेब मनात होतो. पण गप्प बरणीचे अर्थ दोन निघतात. एकतर यीस्टचं काम उरकलं, नाहीतर ते मध्येच अडलं. दोन्ही प्रकारच्या बरण्या शेजारी ठेवल्या तर ओळखू येत नाहीत. बुडबुडे नाहीत, तळाशी पांढरट साका, वरचा द्रव निवळत चाललेला. अडलेलं मीडही छान निवळतं, त्यामुळे नितळपणावर जाऊ नका.

चवीवरही जाऊ नका. 'गोड लागतंय म्हणजे अजून कच्चं' हे निम्म्या वेळा खोटं ठरतं. कसं, ते हायड्रोमीटर दाखवतो. ही तळाला वजन असलेली काचेची नळी. द्रवात साखर जितकी जास्त तितकी ती वर तरंगते. साध्या पाण्यात आकडा १.०००. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने कोरडं मीड त्याच्याही खाली, ०.९९६ पर्यंत उतरतं.

आता दोन बरण्या घ्या. दोन्हींत सगळं मिळून चार लिटर, दोन्हींत चौदा टक्क्यांपर्यंत अल्कोहोल सोसणारं तेच यीस्ट. पहिलीत १.२ किलो मध, सुरुवातीचा आकडा १.०८८. दुसरीत १.९ किलो, सुरुवात १.१४०. महिन्याभराने दोन्ही गप्प आहेत आणि दोन्हींचा आकडा १.०३०. दोन्ही गोड.

सुरुवातीच्या आकड्यातून आताचा वजा करून १३१ ने गुणलं की अल्कोहोलची अंदाजे टक्केवारी मिळते. पहिलीत ती साडेसात, दुसरीत चौदाच्या थोडी वर. दुसऱ्या बरणीतल्या यीस्टने आपली मर्यादा गाठली. ते मीड उरकलेलं आहे, गोडवा त्याचा कायमचा. पहिल्या बरणीत मात्र यीस्टची अर्धी ताकद शिल्लक असताना ते बसून राहिलंय. हे अडलेलं.

म्हणून 'दोन आठवडे आकडा हलला नाही की खुशाल बाटल्या भरा' हा सर्रास दिला जाणारा सल्ला मला अर्धवट वाटतो. न हललेला आकडा एवढंच सांगतो की काम थांबलंय. का थांबलं, हे सुरुवातीचा आकडा असल्याशिवाय कळत नाही. तो लिहून ठेवला नसेल तर मधाचे किलो गुणिले २९०, भागिले एकूण लिटर, म्हणजे दशांशानंतरचे आकडे जवळपास मिळतात (८७ आले तर १.०८७). मध तळाशी बसलेला असताना मोजलं असेल, तर लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा हा हिशेब बरा.

मोजताना आणखी एक खोड असते. द्रवात विरलेला वायू नळीला बारीक बुडबुड्यांनी चिकटतो आणि तिला वर उचलतो, मग आकडा खोटा जास्त येतो. नमुना जोरात ढवळून वायू काढा, नळी बोटांनी गर्रकन फिरवून सोडा, मग वाचा.

फरक ओळखण्यासाठी एवढा आटापिटा का, तर मी एकदा १.०२८ वर अडलेलं मीड 'मस्त गोड झालंय' म्हणून बाटल्यांत भरलं. उन्हाळा लागला, कपाटात यीस्टला पुन्हा जाग आली आणि एका रात्री काच फुटल्याचा आवाज आला. उरलेल्या बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून एकेक उघडताना हात थरथरत होते. पहिल्या बरणीत लिटरमागे पाऊणशे ग्रॅमच्या वर साखर उरलेली असते. फेसाळ वाइनच्या जाड बाटलीत दुसऱ्या आंबवणीसाठी लिटरमागे चोवीस ग्रॅमच्या आसपास साखर घालतात. साध्या बाटलीचं काय होईल ते यावरून समजा.

मीड अडतं त्याची कारणं मधातच आहेत. साखर भरपूर, पण यीस्टला वाढायला लागणारा नायट्रोजन जवळजवळ नाही. शिवाय आम्लता सावरून धरण्याची ताकद मधाच्या पाण्यात फार कमी, त्यामुळे यीस्ट कामाला लागलं की पीएच भराभर घसरतो. तो तीनच्या खाली गेला की यीस्ट हात आखडतं. थंडीने अडलेलं मात्र सोपं. बरणी वीस अंशांच्या आसपास आणा, तळाचा साका हलकेच हलवा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

पीएच घसरला असेल तर थोडं थोडं पोटॅशियम बायकार्बोनेट घालून तो साडेतीनच्या आसपास आणावा. डीएपीसारखं (डायअमोनियम फॉस्फेट) नायट्रोजन पुरवणारं खाद्य उशिरा घालून उपयोग नाही. अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर यीस्टला ते घेता येत नाही. नवं यीस्ट कोरडंच वर भुरभुरवलं तर तेही अल्कोहोलच्या धक्क्याने मरतं. ईसी-१११८ सारखं चिवट यीस्ट कोमट पाण्यात भिजवा, मग त्यात अडलेलं मीड थोडं थोडं, काही तासांच्या अंतराने मिसळत जा. ते मिश्रण स्वतः फसफसू लागलं की बरणीत ओता.

पोटॅशियम सॉर्बेट आणि मेटाबायसल्फाइट ही जोडी उरकलेल्या, निवळलेल्या आणि साक्यावरून काढलेल्या मीडसाठी आहे. ती उरलंसुरलं यीस्ट वाढू देत नाही, पण चालू आंबवण थांबवत नाही. अडलेल्या मीडमध्ये ती घातली तर सुटकेचा मार्गच बंद होतो.

सुटका झाली हेही बुडबुड्यांवरून ठरवू नका. खोली तापली तरी विरलेला वायू एअरलॉकमधून निघतो. १.०३० चा आकडा चार दिवसांनी १.०२४ दिसला, तर बरणी खरंच कामाला लागली.