हायब्रिड गाडीची बॅटरी उभ्या उभ्या का उतरते, आणि आम्ही गाडी रात्रभर का ठेवून घेतो

"गाडी चार दिवस उभी होती, आज दारच उघडत नाही." दिवाळीची सुट्टी संपली की हे फोन सुरू होतात. पूर्वी अशी गाडी म्हणजे दहा वर्षं वापरलेली, हे धरूनच चालायचो. आता त्यात हायब्रिडवाले बरेच असतात आणि त्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "एवढी मोठी बॅटरी आहे ना हिच्यात, मग उतरते कशी?" दुकानात प्रत्येकाला उभ्या उभ्या समजावताना हातातलं काम राहतं, म्हणून हे पत्रक. गुजरातीतलं आधीच छापलं होतं. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या ग्राहकांनी मराठीत मागितलं, म्हणून हे वेगळं लिहिलं.

उतरते ती मोठी बॅटरी नव्हे

हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात. दीडशे-दोनशे व्होल्टची मोठी बॅटरी गाडी ओढते. दुसरी आपली नेहमीची १२ व्होल्टची. कुलूप, दिवे, काचा, सगळे कॉम्प्युटर हिच्यावर चालतात. शिवाय मोठ्या बॅटरीचे रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढून तिला गाडीशी जोडण्याचं कामही हीच करते. ही छोटी बसली, की मोठी भरलेली असून उपयोग नाही. आडात भरपूर आहे, पण पोहऱ्यात येत नाही.

साध्या गाडीत बॅटरी कमजोर झाली की सेल्फ आळसावतो, घर्रघर्र करतो, आपल्याला चार दिवस आधी कळतं. पूर्ण हायब्रिडमध्ये इंजिन फिरवायचं काम मोठ्या बॅटरीवरची मोटर करते. छोटीला जोर लावावाच लागत नाही, म्हणून ती अर्धमेली असली तरी गाडी रोज निमूट चालू होते. आणि एक दिवस काहीच होत नाही. (मारुतीचा २०१५पासूनचा 'स्मार्ट हायब्रिड' हा सौम्य प्रकार, त्याला हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. तुमची नक्की कुठली ते दुकानात विचारा, त्याचे पैसे नाहीत.)

ही छोटी बॅटरी चार्ज कधी होते, हेही माहीत असू द्या. डॅशबोर्डवर 'रेडी' लागलेलं असेल तेव्हाच. मग इंजिन बंद असलं तरी चालतं, मोठी बॅटरी तिला भरत राहते. ब्रेक न दाबता नुसतं बटण दाबलं तर गाणी लागतात, पंखा फिरतो, स्क्रीन उजळते, पण भरणं बंद आणि खर्च चालू. नवरात्रात गरब्याच्या मैदानाबाहेर चारही दारं उघडून गाणी वाजवणारी जी मंडळी रात्री दोनला आम्हाला शोधतात, त्यांचं बहुतेकदा एवढंच झालेलं असतं. गाडीत बिघाड काही नसतो. गाडी धुणाऱ्या मुलाच्या हातात चावी देत असाल तर त्यालाही हे सांगून ठेवा.

किती करंट खाल्ला तर चालतं

बंद गाडीसुद्धा थोडा करंट खातेच : घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर. सगळे कॉम्प्युटर झोपल्यावर साधारण २० ते ५० मिलीअँपिअर असेल तर काळजी नको. ५०चा हिशोब करू. दिवसाला १.२ अँपिअर-तास. बॅटरी ४५ची धरली तर अर्धी व्हायला अठरा-एकोणीस दिवस. आता हाच आकडा ३०० झाला, तर दिवसाला ७.२, म्हणजे तीन दिवसांत अर्धी आणि आठवड्याच्या आत गाडी मुकी. हायब्रिडला सेल्फ मारायचा नसल्यामुळे छोटी बॅटरी कित्येक मॉडेलांत साध्या गाडीपेक्षाही लहान दिलेली असते, त्यामुळे तिथे मुदत आणखी कमी.

खाणारा बहुतेक वेळा कंपनीने बसवलेला नसतो, तो नंतर आलेला असतो. 'पार्किंग मोड'चा डॅशकॅम. टॅक्सी पासिंगच्या गाडीतला जीपीएस. स्टेअरिंगखाली ओबीडी सॉकेटमध्ये (गाडीतले दोष वाचायचं यंत्र लावतात तिथे) खोचून विसरलेलं यंत्र. इग्निशनऐवजी कायम चालू असलेल्या वायरवर जोडलेला स्टिरिओ, हा तर फारच. वायर कुठे जोडली ते दिसत नाही, स्टिरिओ उत्तम वाजतो, मग कोण विचारणार? डिकीचा दिवा विझतो की नाही हे बाहेरून कळत नाही. मोबाईलचा व्हिडिओ चालू करून आत ठेवा आणि डिकी लावा, लगेच कळेल. ऑगस्ट २०२४मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं प्रकरण वेगळं. त्यांच्या गालिच्याखालच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरलेला असतो आणि तो हळूहळू करंट गळवतो. गाडी तेव्हा पाण्यात होती का, हे आम्ही विचारलं तर खरं सांगा. विम्याशी आमचा काही संबंध नाही.

गाडीला झोपू द्या

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आमचाही आणि तुमचाही.

दार उघडलं, बटण दाबलं, नुसता रिमोट दाबला, तरी गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात. त्या वेळी मीटर दोन-पाच अँपिअर दाखवतो. सगळं बंद केल्यावर ते एकेक करून झोपतात. काही गाड्यांत दहा-पंधरा मिनिटांत, काहींत अर्धा-पाऊण तास लागतो. खरा आकडा मिळतो तो शेवटचा झोपल्यावर. त्याआधी घेतलेलं रीडिंग म्हणजे जेवून उठलेल्या माणसाची उपाशीपोटीची शुगर.

आम्ही क्लॅम्प मीटर (वायर न काढता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा) लावतो, काचा खाली ठेवतो, दाराचं लॅच पेचकसाने आतून बंद करतो म्हणजे दार उघडं असूनही गाडीला ते लागलेलं वाटतं, आणि वाट बघत बसतो. चाळीस मिनिटं झाली, आकडा खाली येतोय, आणि तेवढ्यात मालक बाकावरून उठतात. चष्मा गाडीत राहिला. दार उघडलं, चष्मा घेतला, दार लावलं. पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासाने पीयूसीचा कागद आठवतो. गेल्या पावसाळ्यात एका गृहस्थांनी चष्मा, कागद आणि बाईसाहेबांची पिशवी अशा तीन फेऱ्या केल्या. दुपारी चारला लावलेला मीटर आठ वाजले तरी खाली आला नव्हता. "चार तास गाडी ठेवून घेतलीत आणि म्हणता काही सापडलं नाही?" असं वर ऐकून घेतलं. ते चांगले ग्राहक आहेत, अजून येतात, पण आता सामान घरी ठेवून येतात.

चावीचंही तसंच. बिनचावीच्या गाडीजवळ खिशात चावी घेऊन बसलात तर गाडी तुम्हाला ओळखत राहते, काही मॉडेलं तर नीट झोपतच नाहीत. म्हणून आम्ही दोन्ही चाव्या मागतो आणि लांब, गल्ल्याच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यात ठेवतो. याचा राग येऊ देऊ नका.

एक गाडी दोन रात्री आमच्याकडे शहाण्यासारखी झोपली, ३० मिलीअँपिअरच्या वर गेलीच नाही. घरी नेली की आठवड्यात बॅटरी बसायची. आधी दुसरीकडे दोन नव्या बॅटऱ्या टाकून झाल्या होत्या. शेवटी मीटर घेऊन त्यांच्या घरी, कारेलीबागेत गेलो. चावी दाराशेजारच्या खुंटीवर आणि भिंतीपलीकडे, हातभर अंतरावर, गाडी. मीटर शांतच होईना. खुंटी स्वयंपाकघरात हलवली, दुखणं संपलं. त्या फेरीचे आम्ही तपासणीइतकेच पैसे घेतले, तरी ते एका बॅटरीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमीच झाले.

काही जण तपासणीला येण्याआधी टर्मिनल काढून पुन्हा लावतात, "रिसेट केलं" म्हणतात. जो कॉम्प्युटर अडकून जागा राहिला होता तो त्याने सरळ होतो आणि आमच्यापुढे ठणठणीत गाडी उभी राहते. मग पुन्हा बिघडायची वाट बघायची. फ्यूज एकेक उपसून पाहणंही आम्ही बंद केलं आहे. फ्यूज परत बसवला की त्यावरचा कॉम्प्युटर जागा होतो. त्याऐवजी फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या दोन टोकांमधला मिलीव्होल्टचा फरक मोजतो. करंट वाहत असेल तर तिथे फरक दिसतो. वेळ लागतो, पण गाडी झोपलेली राहते.

कुणी म्हणतं, अमक्याकडे दहा मिनिटांत सांगतात. दहा मिनिटांत 'बॅटरी खराब' असं आम्हीही सांगू शकतो, आणि बॅटरी विकण्यात तपासणीपेक्षा जास्त सुटतात. पण गळका माठ बदलायचा सोडून रोज पाणी भरण्यात अर्थ नाही. काही कॉम्प्युटर रात्री मध्येच तासा-दोन तासांनी जागे होतात, ते पकडायला मीटर रात्रभर नोंद करत ठेवावा लागतो. संध्याकाळी गाडी द्या, सकाळी कागदावर आलेख घ्या. तपासणीचे ८०० रुपये. बॅटरी आमच्याकडून घेतलीत तर त्यातून वजा.

बॅटरी बदलायचीच असेल तर बाजारातली कुठलीही चालत नाही. काही हायब्रिडमध्ये ती डिकीत किंवा सीटखाली असते. तिथे गॅस बाहेर नेणाऱ्या नळीची, बंद प्रकारचीच लागते. स्वस्त साधी टाकली तर तो गॅस तुमच्या केबिनमध्ये.

गाडी मुकी झालीच तर

रिमोट चालत नसेल तर चावीच्या आत लोखंडी किल्ली लपवलेली असते, तिने ड्रायव्हरचं दार उघडतं. जंप, म्हणजे बाहेरच्या बॅटरीचा आधार, देण्याची जागा गाडीच्या पुस्तकात बघा. बॅटरी डिकीत असली तरी बऱ्याच गाड्यांना बोनेटखाली वेगळं टोक दिलेलं असतं. सेल्फ फिरवायचा नसल्यामुळे हातात मावणारा जंप स्टार्टरही पुरतो. लाल-काळं उलटं होऊ देऊ नका, ते दुरुस्तीचं बिल आम्हालाही लिहायला जड जातं. नारिंगी वायरी मोठ्या बॅटरीच्या, त्यांना हात नाही. आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला आपल्या हायब्रिडवरून जंप देण्याचं औदार्य दाखवू नका. मोठ्या बॅटरीवरून छोटी भरणारा तिचा कन्व्हर्टर सेल्फच्या झटक्यासाठी नसतो.

'रेडी' लागल्यावर दहा मिनिटांत बंद करू नका. पार उतरलेली बॅटरी भरायला तास लागतात. उघड्यावर ठेवा, बंद गॅरेजमध्ये नको, कारण इंजिन स्वतःहून मध्येच सुरू होतं आणि धूर आत कोंडतो.

मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी

दोन-चार महिने गाडी उभी राहणार असेल तर शेजाऱ्याला चावी देऊन "आठवड्यातून एकदा चालू कर" सांगतात. तो बटण दाबतो, गाणी लागली की समाधान मानतो, पाच मिनिटांनी बंद करतो. 'रेडी' लागलेलंच नसतं. त्यापेक्षा आमच्याकडे एक अँपिअरचा मेंटेनर चार्जर आहे, बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा. त्याची कायमची पिन बोनेटखाली बसवून देतो, घरच्या सॉकेटला लावून निर्धास्त जा. विकत किंवा महिन्याच्या भाड्याने, दोन्ही मिळतो. ट्रकवाले ग्राहक ट्रकसारखा कट-ऑफ स्विच मागतात. मागितलाच तर लावतो, पण मनापासून नाही : ज्या गाडीची डिकी फक्त विजेवर उघडते आणि बॅटरी त्याच डिकीत असते, तिथे स्विच आत बसवून डिकी लावली की झालं कल्याण.

डॅशकॅम असेल तर बसवताना १२.२ व्होल्टला आपोआप बंद होईल असा लावून घ्या. आकडा खूप खाली ठेवलेला असतो तेव्हा कॅमेरा चालू राहतो आणि गाडी बसते. आधी दुसऱ्याने बसवलेला असेल तरी आम्ही सेटिंग बघून देतो.

येण्याआधी फोन करा म्हणजे मीटर मोकळा ठेवता येईल. गाडी संध्याकाळी सहाच्या आत आणा, दोन्ही चाव्या द्या, सामान घरी ठेवून या. थांबायचंच असेल तर कोपऱ्यावर शेव-उसळ चांगली मिळते.