पेटी वेगळी, कुलवृत्तांत वेगळा

मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा नॉर्थ डकोटातल्या एखाद्या नॉर्वेजियन वंशाच्या घरात आजी-आजोबांचं सामान आवरायला काढलं की साधारण दोन गोष्टी हाती लागतात. एक असते पेटी. तिच्यात पत्रांची पुडकी, नागरिकत्वाचा दाखला, जमिनीचा कागद, ल्युथरन चर्चमधलं बाप्तिस्म्याचं प्रमाणपत्र आणि मागे नाव न लिहिलेले फोटो. दुसरं असतं पुस्तक. कुणा हौशी काकांनी घराण्याच्या मेळाव्याच्या निमित्ताने छापून घेतलेलं, मूळ गावापासून आजच्या नातवंडांपर्यंतची वंशावळ देणारं. मग घरात कुणीतरी म्हणतंच : पुस्तकात सगळं आलंय, आता पेटी कशाला सांभाळायची?

पुस्तकात सगळं आलेलं नसतं, येऊही शकत नाही. पेटी हा पुरावा आहे. पुस्तक म्हणजे त्या पुराव्यावरून कुणीतरी काढलेला निष्कर्ष. अस्सल पत्र आणि बखर यांत जे अंतर, तेच इथे. बखर वाचायला गोड, सलग, आणि आपलं घराणं लोकांना कसं दिसावं ही लिहिणाऱ्याची इच्छाही तिच्यात उतरलेली. अर्थात पत्रही धुतल्या तांदळासारखं नसतं. पण पत्रातली बढाई ही त्या माणसाची, त्या दिवसाची असते आणि तशीच राहते. पुस्तकातली बढाई कुणाची होती, हे दोन पिढ्यांनी सांगता येत नाही.

नॉर्वेजियन स्थलांतराची गोष्ट ४ जुलै १८२५ पासून मोजतात. त्या दिवशी 'रेस्टोरासिओन' हे छोटं शिडाचं जहाज ५२ माणसं घेऊन स्टाव्हांगरहून निघालं आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचलं, तेव्हा वाटेत जन्मलेल्या बाळासकट माणसं ५३ झाली होती. पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांहून अधिक लोक गेले. लोकसंख्येच्या मानाने युरोपात आयर्लंड सोडलं तर इतकी माणसं दुसऱ्या कुठल्या देशाने गमावली नाहीत. त्यामुळे अशा पेट्याही पुष्कळ आणि अशी पुस्तकंही पुष्कळ.

पेटीबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. लोकांना वाटतं, पणजोबांनी अमेरिकेत पाय ठेवल्यावर काय पाहिलं, काय सोसलं ते या पत्रांत सापडेल. पण पणजोबांनी लिहिलेली पत्रं नॉर्वेला गेली! अमेरिकेतल्या पेटीत आहेत ती त्यांना आलेली. कुणाचं लग्न ठरलं, कुठलं शेत विकलं, बटाट्याचं पीक कसं गेलं, वडिलांमागे वाटण्यांत काय झालं, पाठवलेल्या डॉलरबद्दल आभार, आणि धाकट्यासाठी जहाजाचं तिकीट तिकडूनच काढून पाठवाल का, अशी विचारणा. संभाषणाचा अर्धा भाग इथे, अर्धा समुद्रापलीकडे कुणाच्या तरी माळ्यावर, नाहीतर नॉर्वेतल्या एखाद्या सरकारी संग्रहात. कुलवृत्तांत लिहिणारा मात्र हा तुटलेला संवाद जणू सलगच होता अशा थाटात सांगतो आणि मधल्या जागा अंदाजाने भरतो.

शिवाय नॉर्वेला गेलेली पत्रं खासगी राहिलीच नाहीत. येर्ट होव्हलान हा पश्चिम नॉर्वेतला माणूस १८३१ साली अमेरिकेत गेला. १८३५ च्या सुमारास त्याने घरी लिहिलेली पत्रं लोकांनी हाताने उतरवून गावोगाव फिरवली. अमेरिकेची ओढ इतकी वाढली की बर्गनचे बिशप याकोब नॉयमान यांना १८३७ मध्ये स्थलांतराविरुद्ध जाहीर पत्रक काढावं लागलं. असं पत्र आज संग्रहात आलं तर ते मूळ आहे की नक्कल, नक्कल कुणी केली, कुठल्या गावात सापडली, हे सगळं महत्त्वाचं ठरतं, कारण नक्कल करणारा कधी भाव वाढवतो, कधी अडचणीचा परिच्छेद गाळतो. पुस्तकात हेच पत्र टाइप करून छापलं की या खुणा पुसल्या जातात. जुनं नॉर्वेजियन हस्ताक्षर गॉथिक वळणाचं. ज्याला ते नीट लागत नाही त्याने लावलेला अर्थ पुढच्या पिढ्यांना ब्रह्मवाक्य होऊन बसतो.

जमिनीच्या कागदाचंही तसंच. १८६२ च्या होमस्टेड कायद्याखाली (वसून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) १६० एकर मिळाले, एवढी ओळ बहुतेक कुलवृत्तांतांत असते. पेटीत त्याची सनद असते, तीही एका पानाची. पण हक्क पक्का करताना साक्षीदारांसमोर दिलेल्या जबानीची मूळ फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. तिच्यात घर किती लांब-रुंद होतं, किती एकर नांगरले होते, घरात किती माणसं होती हे लिहिलेलं सापडतं. सनदेवरचा क्रमांक असेल तर फाइलपर्यंत पोचणं सोपं जातं. पेटी टाकली की तो धागाही गेला.

आता पुस्तकाकडे. कुलवृत्तांत जिथे सगळ्यात जास्त घसरतो ती जागा म्हणजे नावं. एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्वेच्या खेड्यात आपल्याला माहीत आहे तसं आडनाव नव्हतं. हान्सचा मुलगा ओले तो ओले हान्सेन, आणि त्याची बहीण मारित हान्सदात्तर. लग्नानंतरही ती हान्सदात्तरच राहायची. या नावापुढे लागायचं राहत्या शेताचं नाव. ओले बाक्केन नावाच्या शेतावर असेपर्यंत ओले हान्सेन बाक्केन, लग्न करून हाउगेनला राहायला गेला की ओले हान्सेन हाउगेन. कायम आडनाव घेण्याची सक्ती नॉर्वेत १९२३ च्या कायद्याने झाली. अमेरिकेत उतरल्यावर सख्ख्या भावांपैकी एकाने हॅन्सन लावलं, दुसऱ्याने बाक्केन, तिसऱ्याने कारकुनाने लिहिलं तेच पुढे चालवलं, असं सर्रास घडलं. ओले आणि मारित मी उदाहरणापुरते घेतलेत, पण असा प्रकार कुठल्याही नोंदवहीत दिसेल.

कुलवृत्तांतकार या सगळ्यांना शिस्तीत 'बाक्केन' करून टाकतो. वाचणाऱ्याची सोय होते, पण पुराव्याची वाट लागते. पेटीतल्या लिफाफ्यावर मात्र त्या वर्षी पोस्टमनला जे नाव चालत होतं तेच असतं.

दुसरी घसरण सामाजिक. शेताचं नाव लावलं म्हणजे शेत मालकीचं होतं असं नाही. कित्येक जण 'हुसमान' होते : दुसऱ्याच्या जमिनीच्या तुकड्यावर घर बांधून राहायचं आणि बदल्यात मालकाच्या शेतात राबायचं. नॉर्वे सोडणाऱ्यांत ही माणसं पुष्कळ होती. घराण्याच्या पुस्तकात मात्र ती गुपचूप शेतमालक होतात. माझ्या मते छापील कुलवृत्तांतांतली सगळ्यात सार्वत्रिक थाप हीच, आणि बहुतेक वेळा ती जाणूनबुजून मारलेलीही नसते. तपासायला साधनं आहेत. नॉर्वेत बहुतेक भागांसाठी 'बिग्देबोक' नावाची ग्रामेतिहासाची पुस्तकं आहेत, ज्यांत शेतागणिक कोण राहिलं, कोणापासून कोणाकडे गेलं, हे दिलेलं असतं. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'डिजिटालआर्किव्हे' या संकेतस्थळावर चर्चच्या वह्यांची छायाचित्रं आणि १८०१, १८६५, १९००, १९१० या जनगणना फुकट पाहता येतात. जनगणनेत नावापुढे व्यवसायही लिहिलेला असतो. फक्त एक ध्यानात ठेवायचं : बिग्देबोक हाही कुणीतरी रचलेला ग्रंथच. शेवटचा निवाडा चर्चच्या वहीत.

हा भेद संस्थांमध्येही दिसतो, आणि तिथेही लोक गल्लत करतात. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डला सेंट ओलाफ कॉलेजात नॉर्वेजियन-अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन आहे. स्थलांतराच्या शताब्दीच्या वर्षी, ६ ऑक्टोबर १९२५ ला, ती स्थापन झाली. कादंबरीकार ओले रोल्व्हाग तिचे पहिले सचिव, इतिहासकार थिओडोर ब्लेगेन पहिले संपादक. तिचं दप्तर म्हणजे पत्रं, रोजनिश्या, मंडळांची इतिवृत्तं, वर्तमानपत्रांतली मृत्युलेखांची कात्रणं. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनला दुसरी संस्था : नॉर्वेजियन अमेरिकन जिनिऑलॉजिकल सेंटर आणि नेसेथ ग्रंथालय. ग्रंथपाल गेरहार्ड नेसेथ यांनी १९७४ मध्ये सुरू केलेली ही संस्था आपली माणसं शोधायला मदत करते. नेसेथ यांनी स्वतः १८२५ ते १८५० या काळात आलेल्यांची माणसागणिक नोंद करण्यात कित्येक वर्षं घातली. थोडक्यात, पुडक्यांबद्दल आधी नॉर्थफील्डला विचारून पाहावं. पणजी कुठल्या शेतावरची हे मॅडिसनला विचारावं. आणि रंगीत वेलबुट्टी काढलेली रिकामी लाकडी पेटीच द्यायची असेल, तर आयोवातल्या डेकोराचं व्हेस्टरहाइम संग्रहालय.

सांभाळण्याची रीतही वेगवेगळी. पेटीच्या बाबतीत पहिला नियम हात आवरण्याचा. उत्साही माणूस पत्रं तारखेप्रमाणे लावायला घेतो, लिफाफे फेकतो, फोटो काढून अल्बममध्ये चिकटवतो. त्यापेक्षा ज्या क्रमाने, ज्या पुडक्यात निघाली तसाच क्रम आधी टिपून ठेवावा. एका पुडक्यात बांधलेली पत्रं आजीने काहीतरी मनात धरूनच बांधली असणार, आणि त्या पुडक्यातला फोटो कुणाचा हे कधीकधी शेजारच्या पत्रावरूनच कळतं. रबरबँड, टाचण्या आणि क्लिपा काढाव्यात, घड्या हलक्या हाताने उलगडाव्यात, आम्लरहित फोल्डर वापरावेत, लिहायचंच तर पेन्सिलने. सेलोटेप आणि लॅमिनेशनला हातही लावू नये. वर्तमानपत्राची कात्रणं पत्रांना चिकटून असतील तर वेगळी करावीत, कारण त्या स्वस्त कागदातलं आम्ल शेजारच्या कागदावर तपकिरी डाग पाडतं. तळघर आणि माळा या दोन्ही जागा वाईट. स्कॅन जरूर करावं, पण स्कॅन केलं म्हणून मूळ पत्र टाकू नये.

पुस्तकाला यातलं काहीच लागत नाही. त्याच्या प्रती चार ग्रंथालयांत पोचल्या की ते सुरक्षित. त्याला हवेत ते आधार : प्रत्येक तारखेमागे कुठली वही, कुठलं पत्र, ऐकीव असेल तर कुणाकडून ऐकलं. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि पत्ते गाळावेत. दुरुस्तीची नवी आवृत्ती कधीही काढता येते. पेटीला दुसरी आवृत्ती नसते.

राहिला हक्काचा प्रश्न. पुस्तकाचा लेखक घरातलाच असल्याने तिथे अडचण कमी. पेटीत मात्र कागद एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा. पत्राचा कागद ज्याला आलं त्याच्या वारसांचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, आणि अमेरिकन कायद्याने अप्रकाशित पत्रावर तो लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो. पणजीच्या नॉर्वेतल्या बहिणीने १९३० साली पत्र लिहिलं आणि ती १९६० मध्ये वारली, तर तो हक्क २०३० अखेरपर्यंत तिच्या वारसांकडे. पेटी संस्थेला देताना दानपत्र करतात, त्यात देणाऱ्याला स्वतःच्या घरच्यांनी लिहिलेल्या मजकुराचे हक्क देता येतात, या बहिणीचे नाही. अभ्यासकाला पत्र वाचायला मिळेल, पण कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत ते अख्खं छापायचं असेल तर आधी नॉर्वेतले वारस शोधून परवानगी घ्यायला हवी. ते सापडलेच, तर अमेरिकेहून गेलेल्या पत्रांचं काय झालं, हेही त्यांनाच विचारावं.