खंदकालगतचा ‘सुटा’ पट्टा
२०११ चा जपानमधला तोहोकू भूकंप सगळ्यांना पाठ आहे. त्याआधीची एक समजूत मात्र फारसं कोणी उकरून काढत नाही. जपान खंदकाला, म्हणजे जपानलगतच्या समुद्रतळातल्या खोल चरीला, लागून असलेला प्रस्तरभंगाचा (ज्या भेगेवरून खडक सरकतात तिचा) उथळ भाग ‘अडकलेला’ नाही, तिथला मऊ, पाणथळ गाळ ताण न साठवता गुपचूप सरकतो, असं बरेच जण धरून चालत.

घोळ या ‘अडकलेला’ शब्दातच आहे. घर्षणाने खरोखर चिकटलेला भाग, हा एक अर्थ. सध्या सरकत नाही एवढंच, हा दुसरा. खोलवरच्या चिकटलेल्या भागाच्या आडोशाला असलेला उथळ पट्टा निसरडा असूनही जागचा हलत नाही. खालचा सुटला की तोही धावतो. शिवाय मोजणारे जीपीएस जमिनीवर, खंदकापासून सुमारे २०० किलोमीटर लांब. तिथून पाहता उथळ पट्टा अडकला काय नि सरकला काय, आकडे जवळपास तेच. तरी कुठे अडकलंय हे दाखवणाऱ्या नकाशात रंग भरले गेले आणि ‘दिसत नाही’चं ‘नाही’ झालं.

१८९६ साली याच भागातल्या सानरिकू किनाऱ्यावर धक्का सौम्य बसला आणि त्सुनामीच्या लाटेने सुमारे २२ हजार माणसं नेली. २००२ च्या सरकारी मूल्यांकनात अशा खंदकालगतच्या भूकंपाची ३० वर्षांत २० टक्के शक्यता धरली होती. त्यावरचे वाद पुढे न्यायालयात गेले. मियागी किनाऱ्यासमोरच्या साडेसात तीव्रतेच्या भूकंपाचं खातं वेगळं, शक्यता ९९ टक्के. दोन्ही खाती एकदमच फुटतील, हा हिशेब त्यात नव्हता.

जीपीएसचा संकेत पाण्यात शिरत नाही. म्हणून समुद्रतळाची हालचाल मोजायला जहाज तळाशी ठेवलेल्या यंत्राला आवाज देतं आणि उत्तर यायला लागलेला वेळ मोजतं. ही युक्ती १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात निघाली. पाण्याच्या तापमानाबरोबर आवाजाचा वेग बदलतो, त्यामुळे काही सेंटिमीटरच्या अचूकतेसाठी जहाजाला तासन्‌तास घिरट्या घालाव्या लागतात. २०११ मध्ये मियागीसमोरचं असं एक यंत्र २४ मीटर सरकलेलं आढळलं. खंदकाशी तळ सुमारे ५० मीटर सरकल्याचं जुन्या-नव्या खोलीच्या नकाशांवरून कळलं.

२०१२ मध्ये खंदकाजवळ सुमारे ६,९०० मीटर पाण्याखालच्या तळाला भोक पाडलं. आत ८२० मीटरवर प्रस्तरभंग सापडला, जाडी पाच मीटरांहून कमी, भरलेली चिकणमाती. भोकात सोडलेले तापमापक पुढच्या वर्षी वर काढले, तर भूकंपातल्या घर्षणाची उरलेली ऊब जेमतेम ०.३१ अंश. त्यावरून सरकतानाचा घर्षणांक सुमारे ०.०८ निघाला. म्हणजे पट्टा निसरडा होता, हे जुनं म्हणणं खरंच ठरलं.