वेग ठरतो उंचीवर: कोझुमेलचं ड्रिफ्ट डायव्हिंग

मेक्सिकोचा किनारा आणि कोझुमेल बेट यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून समुद्राचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो. पालांकार, कोलंबिया, पुन्ता सुर या प्रवाळभिंती त्याच्याच वाटेवर आहेत. इथे बोट नांगर टाकत नाही. डायव्हर ओढीबरोबर वाहतात आणि बोट त्यांच्या बुडबुड्यांचा माग काढत येते. ओढ एक नॉटची असली, तरी मिनिटाला सुमारे ३० मीटर अंतर कापलं जातं.

या ओढीविरुद्ध पोहायला जाल तर दम लागतो आणि हवा भराभर संपते. वेग आवरायचा तो खडकापासूनची उंची बदलून. तळाशी घासणारं पाणी मंद असतं, वरचं जोरात. म्हणून जोडीदार दोन-तीन मीटर वर तरंगत राहिला, तर बघता बघता पुढे निघून जातो. गटानं एकाच पातळीवर राहायचं. थांबायचंच असेल, तर मोठ्या प्रवाळखडकाच्या आडोशाला यायचं. खडकाला धरायचं मात्र नाही. हा भाग १९९६पासून राष्ट्रीय सागरी उद्यान आहे आणि इथे हातमोज्यांनाही बंदी आहे. नियम चांगलाच आहे. उघड्या हातानं प्रवाळ धरायची हिंमत कमी होते.

हवेचं गणित आधीच करावं. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट. वर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर इथे ८० लागते. ११ लिटरच्या टाकीत २०० बारला (बार हे दाबाचं एकक) २,२०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव ठेवले, तर उरतात १,६५० लिटर, म्हणजे जेमतेम २० मिनिटं. आणि त्यातूनच वरही यायचं असतं. म्हणून भिंतीवर १२-१५ मिनिटं घालवून हळूहळू उथळ भागाकडे सरकतात.

भिंतीच्या कडेवरून पाणी कधी खालीही कोसळतं. बुडबुडे वर जायच्याऐवजी आडवे किंवा खाली जाऊ लागले की ओळखावं. पायातले फिन्स मारत सरळ वर यायची धडपड करत बसू नये. ओढीला आडवं पोहून बाहेर पडावं आणि तरंगण्यासाठी घातलेल्या, हवा भरता येणाऱ्या जॅकेटमध्ये थोडी हवा भरावी. ओढ सुटताच ती हवा लगेच सोडावी, नाहीतर फुगलेलं जॅकेट थेट पृष्ठभागाकडे भिरकावतं.

शेवटी ५ मीटरवर तीन मिनिटांचा थांबा घेताना खूण-फुगा वर सोडतात, म्हणजे बोटीला जागा कळते. फुग्याच्या दोरीचं रीळ अंगाला अडकवू नये. दोरी गुंतली, तर फुगा डायव्हरलाही वर ओढून नेतो.